खोलीपुरता आवाज

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर सुरू केला की लगेच वाजत नाही. आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू तापतात, लालसर उजळतात, मग बोलतात. आमचा ऑर्केस्ट्रा मोडला, बाकीचे तिघे नोकरीसाठी पांगले आणि हे जुनं धूड माझ्याकडे राहिलं. गिटारचा भरदार, किंचित फाटलेला आवाज त्यातून यायचा, पण तो पूर्ण मोठा केल्यावरच. घरात ते जमेना, म्हणून एके दिवशी अँप्लिफायर रिक्षात घालून सबनीसकाकांकडे नेला. काका जुने रेडिओ दुरुस्त करतात.

मागची फळी काढत त्यांनी विचारलं, "वाजवता कुठं? किती लोक असतात समोर?"

"कुणी नसतं. घरी एकटाच वाजवतो."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काकांनी मान वर केली नाही, नुसतं "बरं" म्हणाले. दोन दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनी एक नवं बटण बसवलं होतं.

"आता आत हवा तेवढा तापवा. बाहेर आवाज खोलीपुरताच येईल."

घरी आणून वाजवला. अगदी कार्यक्रमाच्या हॉलमध्ये यायचा तसाच आवाज, तीच धार, फक्त हळू. तासभर वाजवत बसलो. भिंतीपलीकडे काहीच पोचत नव्हतं. दार ठोठावून कुणीतरी "अहो, जरा हळू!" म्हणावं, असं फार वाटत राहिलं.