दोन दारांचा तंबू

माझा मामा मान हलवत नसे. चहा घेतोस का विचारलं तर तोंडानं "हो" म्हणायचा, मान मात्र खांबासारखी ताठ. आम्ही भाचरं त्याच्या मागे त्याची नक्कल करायचो.

मामा पलटणीत होता. कोरियातली लढाई थांबल्यावर तिथल्या कैद्यांवर पहारा द्यायला आपलं सैन्य गेलं, त्यात तोही गेला. परत आल्यावर मूर्तिजापूरजवळ रेल्वेच्या फाटकावर लागला. अमेरिका समुद्र ओलांडून त्या लढाईत उतरली होती. गावंच्या गावं बेचिराख झाली आणि देशाच्या मधली रेघ होती जवळपास तिथंच राहिली. तेलही गेलं, तूपही गेलं. उरले ते हे कैदी.

मानेचं कारण मामानं एकदाच सांगितलं, माझ्या आईला, मी चुलीपाशी भाकरी थापत असताना. तिथं एका तंबूला दोन दारं होती. एका दारानं बाहेर पडला तो कैदी आपल्या घरी जायचा, दुसऱ्यानं पडला तो घराला कायमचा तुटायचा. मामा आत पहाऱ्याला उभा असे. एक कोवळं पोरगं, घरी चल म्हणून समजवायला आलेल्या त्याच्या देशाच्या साहेबांचं सगळं बोलणं ऐकून मधोमध थांबलं. त्यानं दुसऱ्या दाराकडे बोट केलं आणि मामाकडे पाहिलं. मामाची मान हलली. आपल्याकडे हलते तशी, धड आडवी ना उभी. बरं बाबा, तुझं तू बघ, एवढीच. पोरगं त्या दारानं निघून गेलं.

"त्याले वाटलं मी जा म्हनलो. त्याची माय अजून वाट पाहून राहिली असन, बाई."

"अमेरिकेचं भांडन ते. तू काहून मनाले लावून घेऊन राह्यला?" आई म्हणाली.

पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकेची फौज उतरल्याची बातमी लागली, तेव्हा मामा अकोल्याला आमच्याकडेच होता. त्यानं उठून रेडिओ बंद केला.

त्याच साली अमरावतीहून मला पाहायला मंडळी आली. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातले देव गेले. पोरीला विचारायची रीत मात्र आली नाही. त्याचा राग मला आजही येतो. वडील नव्हते, म्हणून शब्द मामाचा. मुलगा सरकारी नोकरीत होता, पण आल्या आल्या त्यानं माझ्या आईला दरडावून पाणी मागितलं होतं. मला तो नको होता.

"मंग मामा, पक्कं समजाचं का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मामा माझ्याकडे वळला. "तुले पसंत हाये का?"

माझी मान हलली, धड आडवी ना उभी.

"तसं नोको. तोंडानं सांग."

"नाही," मी म्हटलं.

मंडळी चहा तसाच टाकून उठली. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मामा खाली बसून कप गोळा करत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "एवढंच इचाराचं होतं मले त्या तंबूतल्या पोराले. त्याची भाषाच येत नोती."