हरभऱ्यावरची आंब

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या सासूबाईंचं अन्न तुटलं. भाकरीचा घास पोटात गेला की आल्या पावली परत यायचा. वरणाचं पाणी, ताक, पेज, कशाचंच नाव नको. सासू म्हणून मी त्यांना घाबरूनच घरात आले होते, पण चुलीपुढं माझं मनगट धरून त्यांनी मला भाकरी थापायला शिकवली आणि माझी भीती पळाली. मला त्या मनापासून आवडत. आता त्या दिवसभर भिंतीला टेकून बसत. त्या जगतील की नाही, एवढाच प्रश्न घरात होता.

घरात आम्ही तिघंच. नवरा हैदराबादला शिकायला होता. आमचं गाव तेरणेच्या काठी. निजामाचा अंमल होता, दवाखाना धाराशिवला, आणि तिथवर बैलगाडीचे हिसके सासूबाईंना सोसले नसते. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तेर गावच्या हकीमसाहेबांना घरी आणलं. त्यांनी नाडी पाहिली, काचेच्या बाटलीत औषध दिलं आणि म्हणाले, "ही दवा चालू ठिवा. पर रानात हरभरा हाय ना तुमच्या? त्याची आंब पाजा. भूक खुलंल. घाटे भरले की मंग ती मिळायची न्हाय."

हरभऱ्याच्या पानांवर एक आंबट खार असतो. संध्याकाळी झाडांवर धुतलेलं धोतर पसरायचं, रात्रभर ते दवानं भिजू द्यायचं आणि उजाडायच्या आत पिळायचं. पिळून निघतं ती आंब.

मामंजींनी त्याच संध्याकाळी धोतर पसरलं. आभाळ गच्च भरलेलं होतं. "एवढं आभाळ आलंय, दव लई पडंल," असं म्हणून ते खुशीत झोपले. सकाळी धोतर कोरडं ठणठणीत.

मला कारण माहीत होतं. माझे वडील धाराशिवच्या शाळेत मास्तर. शाळेत उर्दूतून शिकवायचे आणि घरी मराठीतून आमचा जीव खायचे. आडाचं गार पाणी पेल्यात भरून समोर ठेवायचे. पेल्याला बाहेरून घाम फुटला की विचारायचे, "हे पाणी कुठून आलं?" आम्ही म्हणायचो, पेला गळतो. मग ते सांगत, पेला धड आहे, पाणी हवेतच असतं, गार अंग भेटलं की हवा ते तिथं सोडते. दवाचंही तेच. रात्री आभाळ मोकळं असलं की रानातली ऊब वर निघून जाते, पानं गारठतात आणि त्यांच्यावर पाणी धरतं. ढग असले की रानावर गोधडी घातल्यासारखं होतं. पानं उबदार राहतात, दव धरत नाही.

हे मामंजींना सांगणार कसं? सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मग मी गोठ्यातल्या कालवडीला मोठ्यानं सांगितलं, "आभाळ निवळल्याबिगर दव धरत न्हाय गं बाई."

मामंजी वैरण टाकत होते. त्यांनीही कालवडीलाच उत्तर दिलं. "तिला म्हणावं, शाळा तिकडं धाराशिवाला ऱ्हायली. हितं दव वरनंच पडतंय."

पालथ्या घड्यावर पाणी! ढग तसेच होते आणि धोतर रोज रानात जाऊन कोरडंच परत येत होतं. सासूबाईंच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत होत्या. मला इतका राग यायचा की कालवडीशीसुद्धा बोलावंसं वाटेना.

अखेर एके दिवशी आभाळ निवळलं. मामंजी गुपचूप धोतर पसरून आले, आणि पहाटे भिजलेलं धोतर पिळून तांब्याभर आंब घेऊन आले. तांब्या देवपूजेचा, पितळी, चिंचेनं लखलखीत घासलेला. औषधाचा मान राखायचा म्हणून त्यांनी तो देवापुढं ठेवला, सासूबाईंची आंघोळ होईपर्यंत. मी नदीवरून धुणं घेऊन आले आणि आत डोकावले. आंब हिरवट झाली होती. पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हे बाईच्या जातीला न सांगता कळतं. पण मामंजींनी जन्मात कधी ताकाचं भांडं हाताळलं नव्हतं.

मी तांब्या त्यांच्यापुढं धरला. ते उंबऱ्यावरच बसले आणि रडायला लागले. "म्या तिला इखच पाजलं असतं गं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. कालवड राहिली गोठ्यात. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, "मामंजी, आज रातच्यालाबी आभाळ मोकळंच ऱ्हाईल. मी येते तुमच्यासंगं."

ते माझ्याकडं बघून म्हणाले, "हकीमसाबाची पहिली बाटली रिकामी झालीया. ती धुऊन घे."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रानात गेलो. हरभऱ्याच्या एकेका पानावर थेंब बसले होते. धोतर उचललं तर जड लागलं. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि उलटसुलट पीळ दिला. पळसाच्या पानाच्या नरसाळ्यातून आंब बाटलीत उतरली. बोटांच्या भेगा चरचरत होत्या, थंडीनं दात वाजत होते, आणि मी सुखात होते.

निघताना चुलीवर ठेवलेली पेज घरी येईस्तोवर शिजली होती. मी झाकण उचललं तर आतून थेंबच थेंब. मी ते मामंजींपुढं धरलं. "ह्ये कुठं आभाळातनं पडलंय?"

"व्हय की," ते म्हणाले. "दिसतंय मला. आंधळा न्हाय मी."

आंब घेताना सासूबाईंनी एवढं तोंड वाकडं केलं की आम्हाला हसू आलं. पुढं रोज सकाळी आम्ही दोघं रानात. आधी सासूबाईंच्या पोटात आंब टिकली, मग पेजेचं पाणी, मग पेज. आंबेनं की हकीमसाहेबांच्या औषधानं, कोण जाणे.

घाटे भरायला लागले तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं आधी पुरुष जेवत, मग बायका. मामंजी जेवायला बसले होते, मी भाकरी भाजत होते. भाकरी टम्म फुगली, तशा सासूबाई भिंतीपासून सरकत पुढं आल्या आणि म्हणाल्या, "मलाबी वाढ. भूक लागलीया."

मामंजींनी आपल्यापुढचं ताट, होतं तसं, त्यांच्यापुढं सरकवलं. सासूबाईंनी भाकरी मोडली आणि ताट रिकामं होईपर्यंत मान वर केली नाही.