वरंध घाटासाठी घेतलेली गाडी

गाडी घेताना माणूस आधी ॲव्हरेज विचारतो. मीही तेच विचारत होतो. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम करायचो, त्यामुळे कुठलीही वस्तू आकड्यांत बसली की मगच मला पटायची. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. घरात एक स्कूटर होती आणि बायकोच्या पोटाचं कॅन्सरचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

ऑपरेशननंतर दर तीन आठवड्यांनी पुण्याला किमो घ्यायचा होता. महाडहून पुणे म्हणजे वरंध घाट चढायचा आणि भोरवरून जायचं. मुंबईचा रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा, शिवाय ऑपरेशन केलेले डॉक्टर पुण्यातले. बायकोला लहानपणापासून गाडी लागायची. तिचं माहेर पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाला. शाळेला पोलादपुरात येतानासुद्धा एसटीची खिडकी मिळाली नाही तर ती चालत यायची.

पहिल्या दोन वेळा भाड्याच्या जीपनं गेलो. जाताना कसंतरी निभायचं. येताना अंगात औषध असायचं, आणि घाट उतरेपर्यंत तिला उलट्या थांबायच्या नाहीत. नंतर आठवडाभर अन्न पोटात ठरायचं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी वजन केलं आणि डोस दिलाच नाही. इतक्या वजनाला झेपणार नाही, म्हणाले. थोडं भरलं की या. म्हणजे घाट दोनदा फुकट झाला. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून निजली आणि म्हणाली,

"मी आता घाटात येणार नाही. इथं मिळत असेल ते औषध द्या, नाहीतर राहू दे."

ती एक गोष्ट दोनदा सांगणारी बाई नव्हती. म्हणून मी गाडी शोधायला लागलो.

तीन लाखांच्या वर जायचं नाही असं ठरवलं. तेवढ्यात जुनीच मिळणार होती. ऑफिसात सगळ्यांचं मत जीपचं. तिचा भाऊ वाडीवर गुरं-शेळ्या पाळून शेती करायचा, त्याचंही तेच. जीप असली की वाडीपर्यंत येता येतं, आठ माणसं बसतात, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण जीपनंच तर तिची ही दशा केली होती.

मला पसंत पडली ती महाडातल्या एका दुकानदाराची डिझेल सेडान. लिटरला एकोणीस, मोठी डिकी, मागची सीट सोफ्यासारखी. मनातल्या मनात मी ती घेऊनच टाकली होती. वळणं तपासायची म्हणून पोलादपूरहून आंबेनळी घाटात नेली. खूप मनवल्यावर बायको मागे बसली. थोडं चढलो नाही तोच तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. उतरून ती कठड्यावर बराच वेळ डोकं धरून बसली. सीट मऊ होती, पण गाडी बोटीसारखी डुलत होती. प्रत्येक वळणावर ती एका अंगाला कलायची आणि सरळ होताना परत दुसरीकडे झुकायची. ॲव्हरेज विचारताना हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

दुसरी गाडी पोलादपूरच्याच एका तरुणाची. मुंबईत नोकरी, लग्न ठरलेलं, म्हणून गाडी विकायची होती. पेट्रोलची, सोळाशे सीसी, जमिनीलगत बसकी. रुंद टायर, मागे पंख लावलेला, सायलेन्सरचा आवाज बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काका, मख्खन गाडी हाय," तो म्हणाला. "टर्निंगला हलनार नाय. बिनधास्त मारा."

सोबत आलेला मेव्हणा गाडीभोवती एक फेरी मारून आला. "गो ताय, ही गाडी हाय का चप्पल? दाजींनी वाकून पायात घालायची."

ती हसली. दोन-तीन महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

त्याच घाटात मी गाडी चढवली. चाक फिरवलं की गाडी तिथल्या तिथे वळत होती, कलत नव्हती. दोन-चार वळणांतच मला ती आवडायला लागली. मागे आजारी माणूस आणि मला गाडी चालवायला मजा येतेय, हे ध्यानात आलं तसा मी वेग कमी केला. वर जरा सपाटी लागली तिथे थांबवली. ती डोळे मिटून बसली होती.

"हिसके बसतात," ती म्हणाली. "टाक्यांना लागतं."

"मग नको."

"नको कशाला? हिसका सोसता येतो. हेलकावा सोसवत नाही. हीच घ्या."

आकड्यांत गाडी नापास होती. लिटरला तेरा, महागडे टायर, स्पीडब्रेकरला घासणारं पोट. घेतली. पंख काढून टाकला, सायलेन्सर साधा बसवला. रविवारी सकाळी एकट्यानं वरंध चढून-उतरून खड्डे पाठ केले. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही, हे पायाला शिकवलं. तिला पोटावर धरायला जाड घडीची चादर दिली, आणि बैलगाडीच्या गतीनं तिला पुण्याला नेऊन परत आणलं. उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भात-पेज मागून घेतली. वजन हळूहळू भरलं आणि राहिलेले सगळे डोस झाले.

होळीनंतर तपासणी झाली. आजार यकृतात पोचला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, पण तीही मागोमाग येऊन उभी राहिली, म्हणून त्यांनी दोघांनाही सांगितलं की आता डोस देण्यात अर्थ नाही. घरी न्या, आवडेल ते खायला घाला.

भोर मागे पडलं. धरणाचं पाणी खाली गेलं होतं, काठाची माती उघडी पडली होती. घाटमाथ्यावर चहाला थांबलो. तिनं कप हातात धरून ठेवला.

"अहो, ही गाडी पळते किती?"

"माहीत नाही."

"इतके महिने झाले आणि माहीत नाही? पहिल्याच दिवशी आवडली होती तुम्हाला. आरशात दिसलं मला." कप खाली ठेवून म्हणाली, "आज चालवा की तिच्या मनासारखी."

"तुला त्रास होईल."

"आता वजन कोण बघणार आहे?"

मी चहाचे पैसे दिले. ती पुढच्या सीटवर येऊन बसली, पट्टा स्वतःच ओढून लावला. मी घाट उतरायला घेतला. सुरुवातीला पाय सवयीनं ब्रेकवर जायचा. मग गाडी आपली आपण मोकळी झाली. वळणं येत होती आणि मागे पडत होती. तिनं दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. मी रस्त्यावरून नजर काढली नाही. चेहऱ्याकडे बघितलं असतं तर थांबवावी लागली असती.

घाटाच्या पायथ्याला, माझेरीला तिनं हात केला. उतरून रस्त्याकडेला तिला उलटी झाली, मी पाठ धरून उभा राहिलो. चूळ भरून, पदरानं तोंड पुसून ती पुन्हा पुढेच बसली.

"घाट संपला?"

"संपला."

"एवढ्यातच?" ती म्हणाली, आणि मान वळवून मागच्या काचेतून वर बघत राहिली.