आप्पांची डावी सीट

सकाळी सातला शहरातला द्वारका चौक ओलांडला, तेव्हा गाडीत आम्ही दोघंच होतो आणि त्यातलं एक माणूस रुसलेलं होतं. गाडी कसली, चाकांवरचं घरच. आत पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. पाथर्डी फाट्याजवळ अशी कॅम्परव्हॅन भाड्याने मिळते असं कळलं आणि मी बँकेत दोन दिवसांची रजा टाकली.

रुसलेले होते माझे वडील, आप्पा. पस्तीस वर्षं त्यांनी लासलगावहून कांदा भरून ट्रक चालवला. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने उजवा डोळा गेला, लायसन पुन्हा मिळालं नाही आणि आप्पा कॉलनीच्या फाटकाबाहेर पडेनासे झाले. माझ्या गाडीतून चला म्हटलं, की क्लीनर साईडला (चालकाच्या डावीकडे, मदतनिसाच्या जागी) आपण बसत नाही, एवढंच म्हणायचे. मागे बसायचं तर म्हणे, मी काय माल आहे? मग बोलणंही कमी कमी होत गेलं. सकाळचा चहा, संध्याकाळच्या बातम्या, मधे काही नाही. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

या गाडीत मागे पलंग आहे, डावीकडे बसावं लागणार नाही, या अटीवर ते आले. तरी निघताना त्यांनी घरून आणलेल्या टॉमीने (चाक खोलायच्या लोखंडी दांड्याने) चारही टायरांवर ठोके दिले. हवा किती आहे ते समोरच्या स्क्रीनवर दिसतं, असं गाडीचे मालक समजावत होते. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या डाव्या टायरला हवा कमी आहे, म्हणाले. मालकांनी स्क्रीन पाहिला आणि गुपचूप पंप आणला.

निफाडच्या पुढे धुकं विरळ झालं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मधूनच ऊस. मी चौथीत असताना याच रस्त्याने ट्रकमधून गेले होते. आप्पांच्या मागच्या फळीवर गोधडी घालून मला बसवलं होतं. क्लीनर खाली उतरून ट्रकच्या अंगावर थापा मारायचा: एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. आरशात बघून आप्पा मला विचारायचे, किती वाजल्या? मी ओरडून सांगायचे, दोन! माझ्याच हुकमाने तो ट्रक हलतो, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता मागे पलंगावर ते होते आणि आरशात मला त्यांचा मिटलेला चेहरा दिसत होता.

विंचूरला डावीकडे वळून लासलगावात शिरलो. तिथे पहिल्यांदा मागून आवाज आला, "फाटकातून आत घे." कांदा भरायचा तो खळ्यावर (व्यापाऱ्याच्या कांदे निवडायच्या पटांगणावर), आणि खळ्याची जवळची वाट बाजार आवारातून, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की आज आपण कांदा भरायला आलेलो नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. त्यांनी सांगितलं आणि मी वळवली.

दोन मिनिटांत आमच्या पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, आणि पडदे लावलेलं आमचं पांढरं घर लाल कांद्याच्या लिलावाच्या रांगेत. ट्रॉलीमागून ट्रॉली बोली लावत व्यापाऱ्यांचा घोळका आमच्यापर्यंत येऊन थबकला. मागच्या ट्रॅक्टरवरच्या शेतकऱ्याने शांतपणे विचारलं, "ताई, माल लाल हाय का उन्हाळ?" सगळे हसले. मीही हसले. आता मागे घेऊनच बाहेर पडायचं होतं. त्या शेतकऱ्याने बिचाऱ्याने ट्रॅक्टर बाजूला घेऊन जेमतेम वाट करून दिली. आरशात नुसती ट्रॉलीची फळी दिसत होती. मी दोनदा मागे घेतली आणि दोन्हीदा घाबरून ब्रेक दाबला.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. आणि मग गाडीच्या अंगावर थाप. दोन.

मी क्लच सोडला. दोन थापा, मग एक. थांबले. "स्टिअरिंग उजवीकडं तोड. अजून. येऊ दे." आरशाकडे पाहणं मी सोडून दिलं आणि नुसती ऐकत राहिले. एका डोळ्याचे आप्पा धुळीतून गाडीबरोबर मागे चालत होते, आणि वितीच्या अंतराने ते घर त्यांनी फाटकाबाहेर काढलं.

शेतकऱ्याने कौतुकाने विचारलं, "बाबा, किती वर्षं क्लीनर होता?"

आप्पांनी हात झटकले. "ड्रायव्हर होतो," ते म्हणाले. "क्लीनर आजपास्नं झालो."

मग ते पुढून वळसा घालून आले आणि डावं दार उघडून बसले. मी गिअर टाकला.

तिथून मनमाडपर्यंत त्यांचं तोंड बंद झालं नाही. इथला चहा, तिथला पंक्चरवाला, अमुक वळणावर लय जपायचं. हडबीची शेंडी (मनमाडजवळचा अंगठ्यासारखा उभा सुळका) दिसली तशी त्यांनी गाडी लिंबाखाली घ्यायला लावली आणि शेगडीवर स्वतः खिचडी टाकली. तिखट फारच झाली होती. आम्ही पाणी पीत पीत पातेलं संपवलं. मुक्काम चांदवडला केला. इतक्या मऊ पलंगावर ड्रायव्हरला झोप लागत नसते, असं सांगून ते लगेच घोरायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत केली. पांढऱ्या पत्र्यावर मागपर्यंत धुळीच्या पंजांची रांग उमटली होती. मालक फडकं घेऊन आले, ते मी त्यांच्या हातून घेतलं. इतके दिवस मला वाटायचं, आप्पांना स्टिअरिंग हवंय. त्यांना काम हवं होतं. गाडीला आपली गरज आहे, एवढं कुणीतरी त्यांना कळू द्यायला हवं होतं, आणि मी दोन वर्षं त्यांना नुसती बसायला जागा देत होते. एकेक पंजा पुसायला मी बराच वेळ लावला.

माझी छोटी गाडी तिथेच कुंपणापाशी उभी होती. मी मागचं दार उघडणार, तर आप्पा आधीच डावीकडे बसलेले. त्यांनी काच खाली केली, मान बाहेर काढून रस्ता पाहिला आणि दाराच्या पत्र्यावर बाहेरून दोन थापा मारल्या.

"चल," म्हणाले. "डावीकडून मोकळं हाय."