आत्याची बेटावरची सहल

बाजारात करवंदं आली की डिंभे धरणातलं ते बेट आठवतं. त्या सुट्टीत घरचे सगळे कोकणात निघाले, पण आत्या म्हणाली, "मला त्या बेटावर ने." तिचं माहेर धरणात बुडालेलं, गावामागची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली होती. मासेवाल्याच्या होडीतून आम्ही दोघंच गेलो. चहूकडं निळंशार पाणी आणि गार वारा. आता ही रडणार, म्हणून मी धास्तावलो होतो. आत्या मात्र चपला काढून जांभळीखाली आडवी झाली. म्हणाली, "सरपणाला रोज यायचे रं हितं, पण टेकायला कवा मिळालंच न्हाई." होडीवाल्यानं हाका मारल्या तरी ती करवंदं खात पडून राहिली. तिथं बघण्यासारखं काय आहे, असं लोक आजही विचारतात. मी सांगतो, भाकरी बांधून न्या आणि दिवसभर निवांत लोळा.