कर्कशचे अण्णा

आमच्या बँडचे गायक सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचे. रॉक बँडचा गायक म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे काही येतं, त्यात टेंपोच्या फळीवर डबा उघडून बसलेला, चपाती आणि कांदा-लसूण नसलेली मुगाची उसळ घाईने संपवणारा माणूस नसतो. अण्णा तसे बसायचे. एक डोळा डब्यात, एक पश्चिमेकडे. "वैनी, किती वेळ हाय अजून?" सूर्यास्ताची वेळ मी आदल्या दिवशीच बघून ठेवलेली असायची. केबल, एक्स्टेन्शन बोर्ड, गिटारच्या जादा तारा आणि सूर्यास्त, या गोष्टी माझ्याकडून चुकून चालत नसे.

अण्णांचं सांगलीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या आणि तांब्याची नवी तार लेवून परत जायच्या. घरातले थोरले म्हणून सगळे त्यांना अण्णा म्हणत, मग आम्हीही. माझा नवरा संजय बेस गिटार वाजवायचा. आटपाडीकडचा बाळू ड्रमवर होता; दिवसभर तो कुपवाडला लेथवर असायचा. मला संगीतातलं फारसं कळत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमाला हे तिघे वायरींची पिशवी घरी विसरून गेले होते. त्यानंतर व्यवस्था माझ्याकडे आली, ती कायमची.

सराव अण्णांच्या दुकानातच व्हायचा. एका संध्याकाळी शेजारचे गृहस्थ तावातावाने आले आणि म्हणाले, "हे काय कर्कश चालवलंय तुम्ही?" अण्णा गिटार बाजूला ठेवून उठले. आम्हाला वाटलं, आता भांडण. त्यांनी त्या गृहस्थांचा हात हातात घेतला. "लय उपकार झाले बघा. किती दिस नाव सापडत नव्हतं." बँडचं नाव कर्कश पडलं. ते गृहस्थ पुढे प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असायचे आणि कानात कापूस घालून यायचे.

गाणी अण्णांची स्वतःची असत. वीज जाते त्यावर एक होतं, कंपनीच्या भोंग्यावर एक होतं. पुराच्या वर्षी केलेल्या गाण्यात एवढीच ओळ परत परत यायची: "पाणी वसरलं, ओल गेली न्हाई." पहिल्यांदा ती ओळ ते बोलल्यासारखी म्हणत, नंतर बाळूचे ड्रम चढत जात आणि शेवटी अण्णांचा आवाज असा फाटायचा की माझ्या अंगावर काटा यायचा. मी तेव्हा स्टेजच्या मागे केबल गुंडाळत असायची आणि गुंडाळता गुंडाळता थांबायची. शिरवळला एका कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात लोक जेवणाच्या ताटांसकट उठून स्टेजजवळ आले होते. तिथल्या एका साहेबांनी विचारलं, "तुम्ही जैन ना? मग हे असलं संगीत कसं काय?" अण्णा म्हणाले, "साहेब, आमच्या गाण्यात कांदा-लसूण न्हाई, पण तिखट हाय."

ते फर्माईश घेत नसत. बाळूच्या गावाकडे जत्रेत आम्हाला ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं होतं. पोरं सिनेमातल्या गाण्यांसाठी ओरडायला लागली. बाळू ड्रममागून कळवळून म्हणाला, "अण्णा, एक तरी वाजवा, माझं गाव हाय ओ." अण्णा माइकवर गेले. "ती गाणी तुम्हाला पाठ हायत. आमची तुम्ही ऐकलेली न्हाईत. अर्धा तास ऐका, न्हाई आवडली तर आम्हीच खाली उतरतो." त्यांनी टँकरवरचं गाणं घेतलं. त्या गावाला टँकर म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. अर्ध्या तासाने कोणी आम्हाला खाली उतरू दिलं नाही. बाळूच्या वडिलांनी आमच्या सगळ्यांना घरी नेलं, पंगत वाढली, आणि अण्णा ताटापुढे हात जोडून नुसते गप्पा मारत बसले. अंधार पडला होता.

आजही कोणी जुना माणूस भेटला की म्हणतो, तुमचा बँड लई मोठा व्हायला पाहिजे होता. हो, व्हायला पाहिजे होता. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी फक्त मान हलवते आणि पिशवी दुसऱ्या हातात घेते. का झाला नाही, हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे बँडला काम मिळतं ते गणपतीत. मंडळं, स्पर्धा, बाहेरगावचे पाहुणे, सगळं त्या दहा दिवसांत. आणि नेमके तेच दहा दिवस अण्णांचं पर्युषण असायचं. दिवसातून एकदाच जेवण, त्याच वेळेला पाणी, नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत घोटही नाही. वर मौन. सगळा जिल्हा वाजत असताना कर्कश गप्प. बोलवायला येणाऱ्यांना नाही म्हणायचं काम माझ्याकडे होतं. ते करून मी थकून जायची.

"देव एक दिस सुट्टी देत न्हाई व्हय तुमचा?" बाळू दरवर्षी विचारायचा.

"देवानं धरून ठेवलेलं न्हाई रं, मीच धरलंय. वर्षभर बोंबलतो. धा दिस गप बसायला जमतंय का, तेवढं बघायचं."

आणि खरी गोष्ट अशी की दरवर्षी त्या गप्प बसण्यातूनच नवं गाणं यायचं. बाळूलाही ते माहीत होतं. म्हणून तो रागवायचा, पण सोडून जायचा नाही.

मग पुण्याहून बोलावणं आलं. गणपतीतलाच कार्यक्रम, मोठं सभागृह, आणि गाण्यांचे अल्बम काढणारा एक माणूस खास कर्कशला ऐकायला येणार होता. बाळूने लेथवरून थेट दुकान गाठलं. अंगावर लोखंडाचा कीस तसाच. "अण्णा, एवडं एक करा. पुन्यांदा कायबी मागनार न्हाई. माझं वय चाललंय. पोरगी बघायला गेलो की ड्रम वाजवतो सांगायची लाज वाटतीया. एकदा कायतरी व्हऊ दे."

अण्णांनी बराच वेळ हातातली तार सरळ केली. मग म्हणाले, "येतो. मौन स्टेजवर सोडतो. उपास सोडणार न्हाई."

आम्हा सगळ्यांना तो मार्ग फार सोयीचा वाटला. कार्यक्रम पाचला होता. सकाळी अण्णांचं जेवण-पाणी होणार, संध्याकाळी ते गाणार, दोन्ही बाजू राखल्या जाणार. आठ दिवस मिटलेला गळा आणि त्यात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, हा हिशोब कोणीच केला नाही. खुद्द गायकानेही नाही.

पाचचा कार्यक्रम पाचला सुरू होत नाही. पाहुणे उशिरा आले. मग सत्कार, शाल, नारळ, भाषणं. आम्ही विंगेत उभे. दिवे भट्टीसारखे तापलेले. तिघे स्टेजवर गेले तेव्हा बाहेर केव्हाच सूर्य मावळला होता. पहिलं गाणं अण्णांनी ताकदीने ओढून नेलं. लोक उठून उभे राहिले. दुसरं पुराचं. "पाणी वसरलं" एवढं झालं आणि पुढे नुसती हवा आली.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. संजय आणि बाळू तोच ताल फिरवत राहिले. मी विंगेतून पाण्याची बाटली पुढे केली. बाळूने वाजवता वाजवता मान वाकडी करून ओरडून सांगितलं, "अण्णा, एक घोट! एकच! कोन बघतंय?"

अण्णा वळले. आवाज नव्हता, ओठ हलले ते मला दिसलं. "मी बघतोय की."

बाटली माझ्या हातातच राहिली. ते गाणं त्यांनी गिटारवरच संपवलं. वाजवलं छानच. पण अल्बमवाला माणूस गाणं संपायच्या आधी उठून गेला होता. बाळू उंचावर बसलेला, त्याला तो जाताना दिसला.

रात्री अण्णांच्या पुण्यातल्या नातेवाइकांकडे राहिलो आणि सकाळी निघालो. साताऱ्याला टेंपो थांबवला. आम्ही चहा घेतला. अण्णांनी नातेवाइकांकडचा डबा उघडला, जेवले, आणि त्यांनीच उकळून दिलेलं पाणी तांब्याने सावकाश प्यायले. बाळू समोर उभा राहून बघत होता.

"आता प्यालं व्हय पानी?"

अण्णांचं मौन पुन्हा सुरू झालं होतं. त्यांनी वर पाहिलं, एवढंच. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत बाळू बोलत होता, शिव्या देत होता, एकदा रडलाही. अण्णा त्याच्या शेजारी बसून ऐकत होते. एरवी हे दोघे भांडले असते, एकमेकांना ढकललं असतं आणि कराडपर्यंत मिटलंही असतं. त्या दिवशी भांडायला समोर माणूसच नव्हता. बाळूने सांगलीत ड्रम उतरवले, ते परत लावले नाहीत.

पर्युषण संपलं की क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावलं असेल त्यांची जैन मंडळी हात जोडून क्षमा मागतात. अण्णा आमच्याकडेही यायचे आणि अगदी मुद्देसूद मागायचे. "वैनी, तुमची लांब केबल माझ्याच्यानं जळाली, आणि मी संजयवर ढकललं." त्या वर्षी ते आमच्याकडून उठून कुपवाडला बाळूकडे गेले. तासाभराने परत आले.

"काय म्हणाला?" संजयने विचारलं.

"म्हणतोय, बाकी सगळं माफ. त्या घोटाची माफी मागा, मग बघू."

"मग मागायची ना."

"कशी मागू?" अण्णा म्हणाले. "त्याचं नुकसान झालं, त्याची मागितली. लय मागितली. पण पाणी प्यायलो न्हाई ही चूक झाली, असं मला वाटत न्हाई. खोटी माफी मागून त्याला फसवू व्हय?"

हे पुढे दरवर्षी चाललं. बाळूचं लग्न झालं, त्याने स्वतःची लेथची शेड टाकली, अण्णांचे केस पांढरे झाले. बँड पुन्हा उभा राहिला नाही. दुसरा ड्रमर शोधू, असं संजय एकदा म्हणाला, तेव्हा अण्णा नुसतं "बघू" म्हणाले. क्षमावणीच्या दिवशी मात्र ते कुपवाडला जायचे आणि येऊन आम्हाला सांगायचे, "यंदाबी न्हाई म्हणाला. चहा मात्र झकास होता." मला या दोघांचा कंटाळा आला होता. मी एकदा स्पष्ट म्हटलं, "अण्णा, आता पुरे करा. तो माफ करणार नाही आणि तुम्ही मागणार नाही. जाता कशाला?" ते हसले. "वैनी, जायचं आपल्या हातात असतंय."

यंदा उन्हाळ्यात अण्णा गेले. दुकानातच, मोटार उघडून बसले असताना छातीत कळ आली. बाळू आला होता. खांदा दिला आणि शेडवर निघून गेला. दुकानातली आवराआवर, मोटारी ज्याच्या त्याला पोचवणं, मोडलेला अॅम्प्लिफायर भंगारात द्यायचा की ठेवायचा, हे सगळं मीच बघितलं. कोणीतरी बघायला लागतंच.

क्षमावणीच्या दिवशी दुपारी बाळूचा फोन आला.

"वैनी, जेवलासा?"

"हो. बोल."

मागे शेडमधलं ग्राइंडर चालू होतं. मग ते कोणीतरी बंद केलं.

"आज सकाळधरनं बायको दोनदा चहा टाकून बसली. सवयीनं."

मी खुर्ची ओढून बसले.

"म्या माफ केलंतं ओ वैनी. पयल्याच वर्षी. पन तसं सांगितलं असतं, तर अण्णा पुढच्या वर्षी कशाला आलं असतं?"