गनीभाई आणि पाटलाची फाटकी काडतुसं

नगरच्या माळीवाडा वेशीजवळ गनीभाईचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक भाता, एक ऐरण, हातानं फिरवायचं लेथ आणि भिंतीवर टांगलेला सरकारी परवाना. त्याआधी अठरा वर्षं तो छावणीत बंदुका दुरुस्त करत होता. एकदा जेवणाच्या टेबलावर एका गोऱ्या साहेबाची बंदूक उडाली आणि आरसा फुटला. चौकशीत गनीभाईला विचारलं, बंदुकीत दारू किती होती? तो म्हणाला, "बंदुकीत मापातच होती, साहेब." साहेब सोडून सगळे हसले, आणि गनीभाई महिनाअखेरीस घरी बसला. त्याची बायको सरवरी तेव्हापासून त्याचं बोलणं तोडायची, "पुढचं मनात बोला."

सन त्रेचाळीसचा हिवाळा होता. एके सकाळी तिसगावचे श्रीमंत पाटील दुकानात आले. पन्नाशीचा भारदस्त गडी, डोक्याला फेटा, काखेत आजोबाच्या वेळची एकनळी बंदूक आणि डावी भुवई गायब.

गनीभाईनं त्यांना बसायला पाट दिला. "पाटील, भुवई कुठं ठिवून आलात?"

"चेष्टा नगं. बंदूक मागं आग वकतीया." पाटलांनी पिशवी उलटी केली. पंधरा-वीस पितळी काडतुसं जमिनीवर घरंगळली. सगळ्यांची पोटं उभी फाटलेली. "बार काढला की काडतूस फाटतंय आन आत आडकून बसतंय. पुढनं काठी घालून ठोकावं तवा निघतंय. तवर डुकरं ज्वारी खाऊन, ढेकर दिऊन घरी जात्यात."

"किती वर्सं चाललंय?"

"धा-अकरा. काडतुसंच भिकार येत्यात हल्ली."

लढाई चालू असल्यामुळं नवी काडतुसं मिळायची मारामार होती. लोक जुनीच पुन्हा पुन्हा भरून वापरत. गनीभाईनं एक काडतूस नखानं वाजवून पाहिलं आणि निकाल दिला. भांडं ठोकून ठोकून कडक झालं की तडकतं, हे कुठलाही तांबट सांगेल. पितळेचं तेच झालंय. त्यानं पाटलांकडून अजून न भरलेली धड काडतुसं मागवली, ताटलीतल्या पाण्यात बुडावर उभी केली, वरचा भाग लाल होईस्तोवर तापवला आणि पाण्यात आडवी पाडली. बूड कडक राहिलं, अंग नरम झालं. "आता फाटली तर माझी मिशी काढा," तो म्हणाला.

आठ दिवसांनी पाटील परत आले. सगळी फाटली होती. पाटलांचा चेहरा मात्र दुःखापेक्षा आनंदाचाच होता. त्यांनी गनीभाईच्या मिशीकडे पाहिलं.

हे गनीभाईला फार लागलं. त्याला रात्रभर झोप लागली नाही, आणि मिशी राखायची तर तिसगावला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चार कोरी काडतुसं मिळवून तो कोळशाच्या ग्यासवर चालणाऱ्या मोटारीत बसला. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे, त्यामुळं निम्मं अंतर तो चालतच गेला म्हणायचं.

गावाबाहेर ओढ्यात त्यानं बंदूक गाडीच्या चाकाला बांधली आणि चापाला लांब सुतळी लावली. बघायला गाव लोटलं. प्रत्येक काडतुसाच्या बुडावर त्यानं खुणेची रेघ मारली, रेघ बरोबर वर येईल असं ते आत बसवलं आणि दुरून सुतळी ओढली. चारही फाटली. त्यानं ती ओळीनं मांडली. रेघ वर धरली की चिरा सगळ्या एकाच जागी, खाली उजव्या अंगाला.

"पाटील, काडतुसं बेकसूर हायेत," तो म्हणाला. "दोष त्यांचा आसता तर एक हितं फाटलं आसतं, एक तितं. चारी एकाच जागी फाटतात, म्हंजे खोट घरात हाय. काडतुसाच्या घरात."

"माझ्या आज्याच्या बंदुकीत खोट न्हाई," पाटील म्हणाले.

गनीभाईनं वाद घातला नाही. त्यानं नळीत चिंधीचा बोळा कोंबला, घराला तेल लावलं आणि चुलीवर वितळवलेलं गंधक आत ओतलं. थिजल्यावर काठीनं ढकलून काढलं. घराचा पिवळाधमक ठसा हातात आला, आणि त्याच्या खाली उजव्या अंगाला तुरीच्या डाळीएवढा उंचवटा. म्हणजे घरात तेवढा खड्डा. गंजानं खाल्लेला. बार उडाला की पितळ त्या खड्ड्यात फुगायचं, फाटायचं आणि तिथंच रुतायचं.

"हितं पानी कसं गेलं?" गनीभाईनं विचारलं.

पाटलांच्या आई लंकाबाई ओसरीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातली बाई, आवाज तलाठ्यासारखा. त्या अभिमानानं म्हणाल्या, "पानी कशाला? मामंजींनी घालून दिल्यालं हाय. दसऱ्याला बंदूक कोपऱ्यात उभी करायची, पूजा करायची, आन तिच्या तोंडात नारळाचं पानी घालायचं. साठ वर्सं झाली, एक दसरा चुकला न्हाई."

"आन पुसायचं कधी?"

"देवाच्या तोंडातलं कुनी पुसून काढतं व्हय रे? देवाला इतकी वर्सं पाजतो, देवाला न्हाई बाधलं ते. बंदुकीलाच बरं बाधलं."

"देव दगडाचा हाय, मावशी. दगडाला गंज चढत न्हाई."

पाटलांनी फेटा सावरला. मुसलमानाच्या तोंडून हे आलंय, आता काय होणार म्हणून लोक एकमेकांकडे बघू लागले. गनीभाईला सरवरीचा चेहरा आठवला आणि मोटार किती वाजता सुटते तेही. लंकाबाईंनी तो गंधकाचा ठसा मागून घेतला आणि उंचवट्यावरून अंगठा फिरवला.

"लोखंडाला ल्हान पोरावानी पाजत बसले मी," त्या म्हणाल्या. "च्या घेनार का दूध?"

गनीभाईनं बंदूक नगरला नेली. घर आतून जरासं रुंद केलं आणि त्यात पोलादी नळीचं अस्तर बसवलं. एवढ्याला वीस दिवस गेले. पुन्हा चाकाला बांधून बारा बार काढले, तेव्हा कुठं बंदूक पाटलांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे डुकरांचा कळप ज्वारीत शिरला. पाटलांनी पंधरा पावलांवरून पाच बार काढले. पाचही काडतुसं धड निघाली. डुकरंही.

आठवड्यानं पाटील एकटेच दुकानात आले. बंदूक मांडीवर घेऊन बसले, चहा घेतला.

"अकरा वर्सं मी काडतुसाला शिव्या दिल्या, गनीभाई," ते हळूच म्हणाले. "आता कुनाला दिऊ?"

गनीभाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्यानं ते चहाबरोबर गिळलं. "आयतवारी या," तो म्हणाला. "हितल्या ओढ्यात मडकी मांडू."

दोन महिने पाटील दर रविवारी येत राहिले. पहिल्या महिन्यात नगरच्या कुंभाराला त्यांच्या नेमाचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या महिन्यात थोडा झाला. ज्वारी खळ्यावर गेल्यावर, होळीच्या सुमारास, पाटलांनी उसातून निघालेलं एक डुक्कर पाडलं. गावानं त्यांची वाजतगाजत मिरवणूक काढली. नेम त्याच्या मागच्या डुकरावर धरला होता, हे पाटलांनी फक्त गनीभाईला सांगितलं.